यार्डाच्या पुढचा रस्ता

३ मार्च, सोमवार

एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर डब्याची भाजी, असं चाललेलं असायचं. मधेच उठून मी गाडीची काच पुसायचं फडकं दोरीवरून काढायचे, थर्मास विसळायचे, ह्यांच्या शर्टाची बटणं ओढून बघायचे. हे आरशापुढे उभे राहून दाढी करता करता रस्ता म्हणायचे. घरापासून पुलापर्यंत सरळ. पुलानंतर वीटभट्टी उजव्या हाताला. वीटभट्टीनंतर काय, असं मला विचारायचे. मी म्हणायचे, उतार. उतारावर काय? ब्रेक नाही, गिअर. मग पुढचं.

जुन्या ट्रकचालकांची ही रीत. ज्याला घरात उभं राहून रस्ता शेवटापर्यंत म्हणता येत नाही, त्याने त्या दिवशी गाडी काढायची नाही. हे आठवड्यातून दोनदा निघायचे, सव्वीस वर्षं. म्हणजे मी तो रस्ता किती वेळा ऐकला याचा हिशोब करायला बसले आणि सोडून दिला.

हे सगळं आज आठवलं, कारण लेकीचा फोन आला. लग्न तळ्याकाठीच करायचं नक्की झालं. सीमेपलीकडे, तिथल्या एका विश्रामगृहात. अकरा गाड्या जाणार. "आई, पाहुण्यांना प्रवासाच्या सूचना तूच लिही," म्हणाली. "बाबांचा रस्ता तुझ्याइतका कोणाला पाठ आहे? आणि तू तर जाऊन आलेली."

मी हो म्हणाले.

ही वही ग्रंथालयातल्या बाईंनी दिली होती, ह्यांच्यानंतर. रोज लिहा, बरं वाटेल म्हणाल्या. सव्वा वर्ष कोरीच होती. आता लिहायला घेतलीच आहे तर खरं तेच लिहिते. मी तो रस्ता सीमेवरच्या नाक्यापर्यंत एकदाच पाहिला आहे. नाक्याच्या पुढे मी कधी गेलेली नाही.

५ मार्च, बुधवार

आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. तळ्याकाठच्या हॉटेलांना हे काचसामान पोचवायचे, पेले, बश्या, दिव्यांच्या चिमण्या. मला म्हणाले, चल, तळं दाखवतो. सासूबाईंना सून ट्रकमध्ये बसून जाणार हे पसंत नव्हतं. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात ठेवली जात होती. तरी आम्ही निघालो.

नाक्यावर साहेबाने कागद पाहिले. माझ्या कागदावर माहेरचं नाव, ह्यांच्या कागदावर बायको म्हणून सासरचं. "ही बाई या कागदावरची नाही," एवढंच म्हणाला. माल वेळेत पोचवायचा होता. ह्यांनी मला नाक्याच्या कॅन्टीनमध्ये बसवलं, मालकाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गेले. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच मी त्या बाकावर होते. समोर एक उंच भिंत होती, तिच्यावर कबुतरं बसत. मी ती मोजली. कधी चौदा, कधी सतरा.

घरी आल्यावर सासूबाई, नणंद, शेजारची, सगळ्या दारातच. कसं आहे तळं? मी काही बोलायच्या आत हे बोलले. पाणी कसं, पायऱ्या कशा, पिवळ्या नावा कशा. "हिला तर परत यावंसंच वाटेना," म्हणाले. माझी मान वर राहिली. पण ते एकदा बोललं गेलं ते गेलं. पुढे प्रत्येक खेपेनंतर हे मला तळ्याचं काहीतरी नवीन सांगायचे, कोणी विचारलं तर मला उत्तर देता यावं म्हणून. लेक तेच ऐकत मोठी झाली. झोपताना तिला तळ्याची गोष्ट लागायची, आणि ती मी सांगायचे.

आता ती तिथेच लग्न करते आहे. पत्रिकेत छापलंय, ‘जिथे आई-बाबा पहिल्यांदा फिरायला गेले’.

९ मार्च, रविवार

सूचनांचा पहिला खर्डा केला. हातात लेखणी आली की मला अजून भीती वाटते. तिसरीत शाळा सुटली माझी. पुढचं वाचन मी रद्दीवर केलं. काचेला गुंडाळायला आणलेले कागद उरले की हे घरी आणायचे, अर्धे फाटलेले. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण शेवट माहीत नाहीत. एका जहाजाचं तर मी वीस वर्षं मनात घेऊन होते की ते बुडालं की वाचलं. मग ग्रंथालयात नाव घातलं.

भाऊजी आले होते. माझे दीर, काचकारखान्याच्या गोदामात नोकरी झाली त्यांची. त्यांना खर्डा दाखवला. नाक्यापर्यंत मान डोलावत वाचलं. पुढच्या पानावर थांबले.

"वहिनी, नाक्यावरच्या मालाच्या यार्डाच्या पुढचं हे सगळं दादाने सांगितलेलं?"

मी म्हटलं, मग काय मी मनाने लिहिलं? पुढे मीच सावरून घेतलं, की मी पाहिलंय पण नीट आठवत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. आधीच पुसलेला होता. मग अजून अर्धा कप चहा मागितला आणि म्हणाले, राहू दे जसं आहे तसं, छान आहे.

भाऊजींना तळ्याचा विषय पहिल्यापासून आवडत नाही. हे बोलायला लागले की ते अंगणात जायचे. भावाभावांत असतं असं. एकाला जग फिरायला मिळालं आणि दुसऱ्याला गोदाम.

१४ मार्च, शुक्रवार

लेक आली होती, माझा पासपोर्टचा अर्ज भरायला. तातडीचा, म्हणून तिनेच सुट्टी काढली. नाव, पत्ता, जन्मतारीख विचारत होती आणि लिहीत होती. ‘यापूर्वी देशाबाहेर प्रवास केला आहे का’ असा एक रकाना होता. मी चष्म्यातून आधीच पाहून ठेवला होता. तिथे पोचली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेली.

बरंच झालं. तिला वाटलं असेल, ट्रकमधून जाणं हे काही धरत नाहीत.

जाताना दारात मला उगाच मिठी मारली. लग्नाच्या मुली हळव्या होतात.

१५ मार्च, शनिवार

कपाटातून ह्यांचा जाड स्वेटर काढून उन्हात टाकला. परत आत ठेवला.

२२ मार्च, शनिवार

सूचना पक्क्या झाल्या. लेकीने टाइप करून सगळ्यांना पाठवल्या. माझ्यापाशी राहाव्यात म्हणून थोड्या उतरवते.

‘सकाळी सहाच्या आत निघावे. उतारावर गिअरवर यावे, ब्रेकवर नाही. दुसऱ्या पेट्रोलपंपावर तेल भरावे, पहिल्याचा माणूस बोलण्यात गुंतवतो. कागदपत्रे हाताशी ठेवावीत, सामानाखाली नाही. आपले नाव सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे घरीच पाहून घ्यावे. नाक्यावरच्या साहेबाशी विनोद करू नये. वजनकाटा दिसला की डावी रांग धरावी. उजवी रांग मोकळी दिसते, पण तिच्या नादी लागू नये. यार्ड संपल्यावर दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडे लागतील. झाडे संपतात तिथे तळे दिसते.’

विहीणबाईंचा फोन आला. जावयाची आई, मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, मी त्यांच्याशी बोलताना शब्द निवडते. म्हणाल्या, इतक्या नेमक्या सूचना मी आयुष्यात वाचल्या नाहीत, रस्ता डोळ्यांपुढे उभा राहिला. मी खुर्चीत बसून घेतलं.

नावांचा रंग मात्र मी लिहिला नाही. हे कधी पिवळ्या म्हणायचे, कधी निळ्या. एकदा मी पकडलं, तेव्हा म्हणाले, "अगं, दरवर्षी रंगवतात." नाक्यापासून तळं तासाभरावर आहे असं लेक सांगते. एवढं जाऊन, माल उतरवून हे आठच्या ठोक्याला घरी असायचे. गाडी फार चांगली हाकायचे.

२९ मार्च, शनिवार

लेक म्हणते, लग्नानंतर जेवणाच्या आधी मी चार शब्द बोलायचे. तुमच्या पहिल्या सहलीबद्दल. फार नको, पाच मिनिटं.

मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, मग तू ठरव, जे वाटेल ते बोल, नाहीतर नुसती बस.

दिवसभर तेच डोक्यात. आजवर खोटं बोलले ते घरात बोलले, लेकराला झोपवताना बोलले. साठ माणसांपुढे, तळ्याकडे बोट दाखवून बोलायचं म्हणजे फार झालं. आणि खरं सांगायचं तर लग्नाच्या दिवशी लेकीच्या हातातून गोष्ट काढून घ्यायची. तिने जागा निवडली ती त्या गोष्टीसाठी. वडील येणार नाहीत तर निदान वडिलांचं तळं, असं तिने मागे एकदा म्हटलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. भाजी चिरत होते, चिरतच राहिले.

आणखी एक लिहिते, कोणी वाचणार नाही म्हणून. खरं सांगितलं तर माझ्याकडे ह्यांचं काय राहील? स्वेटर आहे, दाढीचं सामान आहे. बाकी सगळं तळंच आहे.

१० एप्रिल, गुरुवार. तळ्याकाठचं विश्रामगृह, संध्याकाळ

दमले आहे, पण लिहिते.

नाक्यापर्यंत सगळं रस्ता म्हणावा तसं आलं. वीटभट्टी बंद पडली आहे, धुराडं आहे. मी पहिल्या गाडीत, भाऊजी चालवत होते, लेक मागे. वजनकाटा दिसला. फोनमधली बाई सांगत होती उजवीकडे राहा. भाऊजी म्हणाले, आज वहिनींचं चालणार, आणि डावीकडे घेतलं. मागे दहा गाड्या.

ती रांग ट्रकची होती. मालाच्या गाड्यांची. ह्यांनी आयुष्यभर जो रस्ता म्हटला तो ट्रकचा रस्ता होता, आणि मी तो मोटारींना लिहून दिला. एकदा आत शिरलं की दोन्हीकडे कठडे, मागे वळता येत नाही. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे गुरांच्या चाऱ्याचा, आणि मधे अकरा मोटारी, ठेवणीतले कपडे घालून. चार तास. विहीणबाई खाली उतरून पदपथावर बसल्या, पर्सने वारा घेत. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

शेवटी आमची गाडी काट्यावर चढली. काट्यावरचा कारकून बाहेर आला, म्हातारा, मिशा पांढऱ्या. भाऊजींना विचारलं, काय माल आहे?

"वऱ्हाड," भाऊजी म्हणाले.

कारकून हसला नाही. ही रांग तुम्हाला कोणी सांगितली, म्हणाला. लेकीने सूचनांचा कागद पुढे केला. तो उभ्या उभ्या वाचायला लागला, आणि मग ओठ हलवत वाचायला लागला. ‘उतारावर गिअर’ला थांबला.

"हे काचवाल्याचं आहे," तो म्हणाला. "रांगेत उभा राहून हेच पुटपुटायचा."

मी खाली उतरले. सांगितलं, मी त्यांची बायको. त्याने टोपी काढली. कधी गेले, एवढंच विचारलं. मी सांगितलं. पुढच्या वर्षी मीही निवृत्त होतो म्हणाला, आणि आम्हाला आत यार्डात घेऊन गेला, चहा पाजायला. मोठं पटांगण, दोन्हीकडे पत्र्याच्या शेड, मालाची चढउतार चाललेली. त्याने एका शेडकडे हात केला. काचवाल्याची गाडी तिथे लागायची. माल इथे उतरायचा, इथल्या ट्रकमध्ये चढायचा, आणि ते परत फिरायचे. तुमच्याकडच्या ट्रकना यार्डाच्या पुढे परवानगी नव्हती. अजूनही नाही.

मी म्हटलं, पण हे तळ्यापर्यंत जायचे.

तो भाऊजींकडे बघायला लागला. भाऊजी जमिनीकडे.

"बाई, मी तळ्याकडचाच," कारकून म्हणाला. "ते मला विचारायचे. पाणी कसं, नावा कशा. दर खेपेला म्हणायचे, काहीतरी नवीन सांग रे, घरी लागतं."

मग चहा ढवळत म्हणाला की सव्वीस वर्षं दर खेपेला नवीन कुठून आणायचं. तेव्हा थोडं पदरचंही घालायचा. झाडं त्याने घातली. त्या रस्त्याला झाडं नाहीत, दगडाच्या खाणी आहेत.

मी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. यार्डाची भिंत, उंच. तिच्या पलीकडे काय आहे, मी विचारलं. कॅन्टीन होतं, म्हणाला, आता बंद आहे. म्हणजे त्या दिवशी मी अलीकडे बाकावर होते आणि हे पलीकडे शेडमध्ये. माल उतरायला नऊ तास लागले, त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला. दोघंही तिकडे बघत बसलो असू.

मला राग आला. रडू नाही आलं, राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी ह्यांच्यासाठी खोटं बोलले, ह्यांनी ते मला आणून दिलं, आणि ह्यांच्याकडेही ते नव्हतंच. एकदा म्हणाले असते, मीही नाही पाहिलं, तर आम्ही दोघं हसलो असतो.

लेक शेजारी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. मी तिला म्हटलं, मीही कधी पलीकडे आले नव्हते. ती म्हणाली, "तुझं मला माहीत होतं, आई. बाबांचं नव्हतं."

नणंदेने तिला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं म्हणे, की हिच्या कागदावरचं नाव तेव्हा बदललेलंच नव्हतं, ही गेली कशी असेल. लेकीने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. मग तिथेच भाऊजींनीही तोंड उघडलं. गोदामात पावत्या ते बघायचे, सगळ्या यार्डापर्यंतच्या असायच्या. दादाने एकदाच हात जोडले होते, घरी बोलू नको म्हणून.

मी विचारलं, मग इथे लग्न कशाला ठेवलंस? ती म्हणाली, तुला दाखवायचं होतं. बाबांनी पाहिलेलं तुला दाखवायचं, असं मनात होतं. आणि मग ती रडली, परवाची नवरी, चाऱ्याच्या ट्रकपाशी उभी राहून. मी तिला जवळ घेतलं. माझा राग तिथे उरला नाही, निदान तेवढ्यापुरता.

खाणींच्या रस्त्याने आलो. एकही झाड नाही. तळ्यावर नावाही नाहीत, बंद झाल्या कधीच्या. पाणी करडं आहे. पायऱ्या आहेत, सात. मोठं आहे मात्र. ह्यांनी सांगितलं त्यापेक्षा पुष्कळ मोठं.

१४ एप्रिल, सोमवार. घर

लग्न शनिवारी झालं. वारा होता, टेबलावरचे कागद उडत होते, विहीणबाई त्यांच्यामागे धावल्या. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. उलट येणाऱ्या प्रत्येकाला त्या चार तासांची गोष्ट सांगत होत्या, आणि दर वेळी ते सहा, सात तास होत गेले.

आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली, तू बोलू नकोस, मी सगळ्यांना सांगते की आईचा घसा बसलाय. मी म्हटलं, आता आणखी एक खोटं नको.

जेवणाच्या आधी उभी राहिले. पाठ केलेलं काही नव्हतं. माझा आवाज मागच्या रांगेला पोचत नव्हता, म्हणून भाऊजींनी पंखा बंद केला. मी सांगितलं की पत्रिकेत छापलंय ते चुकीचं आहे. मी कॅन्टीनमध्ये बसले होते आणि कबुतरं मोजत होते. हे भिंतीपलीकडे होते. तळ्याचं जे काही तुम्ही आमच्या घरी ऐकलंत, ते काट्यावरच्या एका कारकुनाचं आहे, आणि त्यातही झाडं खोटी आहेत. लोक थोडे हसले, मग थांबले, हसावं की नाही हे त्यांना कळेना.

"हे तळं मी परवा पहिल्यांदा पाहिलं," मी म्हटलं. "ह्यांनी पाहिलंच नाही. आठवड्यातून दोनदा तासाभराच्या अंतरापर्यंत यायचे, मला काय सांगायचं ते विचारून घ्यायचे, आणि परत फिरायचे. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं. जेवून घ्या."

आणि बसले. जावईबुवा उठून माझ्यापाशी आले, माझ्या पेल्यात पाणी ओतलं. लेक समोरून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातातून काही काढून घेतलं असं मला वाटलं नाही. विहीणबाई शेजारच्या खुर्चीवरून वाकून म्हणाल्या, आमचे हे मला रोज खरं तेच सांगायचे, किराणा आणि वीजबिल. मग त्या आणि मी दोघीही हसलो, जरा जास्तच.

राग अजून येतो. आज सकाळीही कपडे वाळत घालताना आला. येतो, आणि जातो. पूर्वी नुसती आठवण यायची, तिला काही उत्तर नसायचं. आता निदान भांडता येतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे उठायच्या आधी, मी तळ्याला पूर्ण फेरी मारली. दोन तास चाळीस मिनिटं लागली. वाटेत तीनदा बसले.